गोळ्या कुणाच्या

बाबा, आई गोळ्या घेत नाही असा संशय मला गेल्या लग्नसराईत आला, आणि तो खरा निघाला. हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. तुझाच आजार तिलाही आहे हे फक्त तिला आणि मला ठाऊक. भावाला सांगावं तर वहिनीला कळेल, आणि वहिनीला कळलं की संध्याकाळपर्यंत रेवदंड्याच्या सुक्या मासळीच्या बाजारात पोचेल. तू जाऊन वीस वर्षं उलटली. तू कुणाला सांगणार नाहीस.

तुला काय झालं होतं ते आपल्या घरात कुणी तोंडाने उच्चारलं नाही. गाव टीबी म्हणायचं आणि एकमेकांकडे बघायचं. तू काकावर संशय धरून बसला होतास. वाटणीवरून त्याने करणी केली असं तुझ्या डोक्यात बसलं, आणि भगताने लिंबू कापून सांगितलं, "घरातलाच मानूस हाय." त्या दिवसापासून तू काकाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मी मात्र तुझ्यावरच संशय घेत होते. तू ट्रकवर होतास, गुजरातपर्यंत जायचास, आठ-आठ दिवस पत्ता नसायचा. आई म्हणते, तुला अपघात झाला तेव्हा रक्त चढवलं होतं, त्यातून आलं असेल. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही, आणि आईच्या सांगण्यावरही माझा पुरता विश्वास नाही.

तुझे शेवटचे महिने म्हटले की मला स्वयंपाकघर दिसतं. तू चुलीजवळ भिंतीला टेकून बसला आहेस. आई पेज भरवते आहे, तू एक घोट गिळतोस आणि डोळे मिटून थांबतोस. तुझ्या जिभेवर सायीसारखा पांढरा थर आहे. आई ओल्या फडक्याने तो पुसते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. मी दारातून बघते आहे हे तुझ्या लक्षात येतं. "काय बगतेस? पुस्तक घे, जा." ओरडायला जोर नव्हता, तरी तू ओरडलास. त्या थराला बुरशी म्हणतात, ती तुझ्यामाझ्यासारख्या अनेकांच्या तोंडात असते आणि एरवी कुणाचं काही बिघडवत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते माणगावच्या दवाखान्यात. अलिबाग जवळ असून आई औषधाला माणगावला जाते, कारण तिथे तिला ओळखणारं कुणी नाही. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बसवून समजावलं. रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात, सीडी-फोर म्हणतात त्यांना. त्यांचं मुख्य काम स्वतः लढण्याचं नाही, लढणाऱ्यांना हाक मारण्याचं आहे. तुझ्या आजाराचा, एचआयव्हीचा, विषाणू नेमका त्यांच्याच पोटात शिरतो, तिथेच आपली पिलावळ वाढवतो, आणि त्या पेशी मरत जातात. मला शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला आपला खारबांध आठवला. उधाणाच्या भरतीला तू बांधावरून फिरायचास, मला पाठुंगळी घ्यायचास, आणि कुठे खांड पडून पाणी शिरताना दिसलं की अशी आरोळी ठोकायचास की अख्खा गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावायचा. आरोळी देणाराच नसेल तर गाव काय करणार? मग बांध फुटायला खेकड्याचं बीळही पुरतं. तुझ्या तोंडात बुरशी शिरली, पोट बिघडलं, आणि क्षयाने तुला नेलं. क्षयही खराच होता. भगतही एका अर्थी चुकला नव्हता म्हणायचं, घरात शिरून घरच्यांकडूनच काम करून घेणारा होता तो विषाणू.

बाई आणखी एक गोष्ट बोलल्या, ती मी विसरूच शकत नाही. गोळ्या नीट चालू असल्या की तपासणीत विषाणू सापडत नाही, पण सापडत नाही म्हणजे गेला असं नाही. काही पेशींत तो निजून असतो आणि गोळ्या थांबल्या की उठतो. माझ्यासारख्या संशयी बाईला हे लगेच पटलं. आईला नाही पटलं.

आई आता धवलारीण आहे. लग्नात धवले गाऊन एकेक विधी पुढे नेण्याचा मान तिचा, लग्नघरी दोन-तीन दिवस मुक्काम, बायकांच्या ओळीत झोपणं. तिथे गोळ्यांची बाटली काढायची कशी? मी तिच्या ट्रंकेतली बाटली हातात धरून पाहिली, महिना संपत आला तरी भरल्यासारखी जड लागली. मग तिचा खोकला ऐकू येऊ लागला. एक दिवस गाताना तिने तोंड उघडलं आणि मला तो पांढरा थर दिसला.

मी विचारलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "रिपोटान सापरत न्हाय लिवलंय ना? मंग मना कशाला छळतेस? बाटली कुनी बगली तं मना मांडवान कोन उभी करील? तुजे बापाचे टायमाला मी शेजारी धाडलेली ताटां परत आलेली बगलीत."

मी तिला ओढतच माणगावला नेलं. विषाणू वाढला होता. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आता चुकवू नका, चुकवत राहिलात तर या गोळ्यांना तो दाद देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आईने मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी काय विश्वास ठेवणार! तेव्हापासून तिच्याबरोबर लग्नांना मीच जाते. बाटली माझ्या पर्समध्ये असते, जेवणाआधी आडोशाला नेऊन मी तिला गोळी देते आणि गिळली की नाही ते जीभ वर करायला लावून बघते.

परवा हळदीच्या घरी नवरीच्या मावशीने रुमाल काढायला माझी पर्स उघडली आणि बाटली तिच्या हातात आली. ती शिकलेली, लेबल वाचलं. "या गोल्या कुनाच्या गो?" आई समोरच गात होती. तिचा सूर जरासुद्धा हलला नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या."

सकाळी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा आला, मला कागदी कपात. शेजारची बाई सतरंजीवर थोडी सरकून बसली. आईला नेहमीसारखा पाटावर बसवून चहा दिला आणि तिने तो प्यायला.

हे पत्र कुठे टाकायचं, तुझा पत्ता तरी काय? तरी एक सांगून टाकते. तो कागदी कप हातात धरला तेव्हा "माझ्या नाहीत, तिच्या आहेत" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. उद्या पुन्हा लग्न आहे. आई गोळी घेईल, मी घ्यायला लावीन. भरवसा मला माझाच नाही.