नळीची ओढ

मुलुंड,
८ जानेवारी २०२४

ती. दादास,
वसुधाचा शि. सा. न.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला आणि आपला रोजचा फोनही. मोबाइलवर टाइप करायचा तुला कंटाळा, म्हणून हे पत्र. मरोळच्या त्या गाळ्यात तू एकटा लेथवर वाकलेला असतोस, या विचाराने घास गोड लागत नाही. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय ना? स्वतः कधी तंबाखूला शिवला नाहीस, आणि शौकिनांच्या पाइपांना नळ्या घडवत बसलास! हे म्हणतात, पुढची खोली रिकामीच आहे. हट्टी माणसा, ये आता.

माया आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी वसू

मरोळ,
१५ जानेवारी

चि. वसूस, अनेक आशीर्वाद.

येईन, पण एक काम हातात आहे. घाटकोपरच्या चेतनाताई नवऱ्याचा पाइप घेऊन आल्या. ते दिवाळीत गेले. पुसताना ताईंच्याच हातून पाइप पडला, नळी मोडली. फोटोपुढे तो अख्खा ठेवायचाय म्हणाल्या.

काळ्या कडक रबराची कांडी घेऊन दोन्ही टोकांकडून भोक पाडलं. मधे भोकाला भोक बेमालूम मिळालं. हात शाबूत आहे गं अजून. दातांत धरायचं टोक कानशीने चपटं केलं, आत तार घालून नळी तापवली, जुनीसारखा बाक दिला. मग सवयीने ओढ बघायला तोंडात धरली, आणि तसाच बसून राहिलो. माझा श्वास आता गळ्याच्या भोकातून चालतो. तोंडाने वारा येत नाही की जात नाही. ओढून पाहिल्याशिवाय मी एकही नळी कधी दिलेली नाही.

किरणरावांना नमस्कार. गळ्यावर मास्क लावतो, रागावू नकोस.
तुझा दादा

मुलुंड,
१९ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न.

पत्र वाचून रडले, मग रागच आला. फोटोपुढच्या पाइपला ओढ कशाला हवी रे? कोण ओढणार आहे तो? देऊन टाक आणि निघ. खोलीला पडदेही लावून झाले.

वाट बघायला लावू नकोस.
वसू

मरोळ,
२४ जानेवारी

चि. वसूस, अ. आ.

तुझं खरं, पण मला जमलं नाही. चेतनाताई आल्या तेव्हा पाटीवर लिहिलं, एकदा ओढून बघा. त्या दचकल्या. या वासापायी नवऱ्याला जन्मभर गॅलरीत उभं केलं म्हणाल्या, भर पावसातसुद्धा. मग पदराने टोक पुसून त्यांनी ओढली. शीळ वाजली! आत भोकाच्या कडेला रबराची खरवड राहिली होती, मला कळलीच नसती. घासून पुन्हा दिली, तेव्हा वारा बिनआवाज आला. पण त्या थांबेनात. पाइपात जुन्या तंबाखूचा वास उरला होता. ओढत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी. मी समजूत घालायला तोंड उघडलं, नुसते ओठ हलले. अशा वेळी पाटीवर काय लिहितात गं?

त्या गेल्यावर लेथ पुसून झाकला. दुसऱ्याच्या श्वासावर हे काम होत नाही, वसू. लेथ शेजारच्या गाळ्यात देतोय. रविवारी किरणरावांना पाठव, सामान फार नाही.

मी आल्यावर माझ्याशी बोलत जा, उत्तरासाठी न थांबता.
तुझा दादा