बिनधुराचा धूप

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. २ डिसेंबर १९७५

श्री. संगप्पा अण्णा व सौ. वहिनी यांस,

आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा गुरप्पा याचे शरणार्थ. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत (‘ठीक’चा खुलासा पुढे येईल). थंडीने आपला उजवा गुडघा पुन्हा धरला असे ऐकले. त्यावर करंजेल चोळावे आणि आडतीवर दिवसभर मांडी घालून बसणे सोडावे. वहिनींच्या डोळ्याचे पाणी थांबले का ते कळवावे. यंदा शाळू बरा असेल, थंडी चांगली पडली आहे.

आपले पत्र शनिवारी पोचले. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, पण आपले इतके आखूड पत्र मला कधी आले नव्हते. दोनच ओळी. “आमची बहीण अजून आजारातनं सावरली न्हाय, आन तुमी अत्तर लावून कुणासाठी हिंडताय? येत्या रविवारी येतो, महादेवीला वैरागला माहेरी घेऊन जातो.” खाली सही, तीसुद्धा रागाने ठसठशीत. ही बातमी आपल्याला कोणी दिली हे मी ओळखले आहे. आपल्या आडतीवरचा धुळा मागच्या आठवड्यात मला एस.टी. स्टँडवर भेटला होता. त्याने दोनदा नाक वर केले आणि “दाजी, कुटं निगालात?” असे विचारले. मी म्हटले, घरी. त्यावर तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मला शनिवारी कळला. तेव्हा आता सगळे सविस्तर लिहितो. अत्तराचा वास माझ्या अंगाला येतो हे शंभर टक्के खरे आहे. गेला दीड महिना येतो. सदऱ्याला येतो, धोतराला येतो, जेवणाचा डबा बांधायच्या फडक्याला येतो, मिलच्या टाइम ऑफिसातल्या हजेरीपुस्तकालाही येतो (आमच्या साहेबांनी सर्वांदेखत मला विचारले, “गुरप्पा, या वयात दुसरं लग्न केलंस की काय?”). पण तो मी लावत नाही, अण्णा. तो मला लागतो. आणि ज्या बाईसाठी लागतो ती आपलीच बहीण आहे.

गणपतीत महादेवीला विषमज्वर झाला, तेव्हा आपण आठ दिवस येऊन राहिला होतात. आपण गेल्यावर ताप उतरला, पेज सुरू झाली, ती चुलीपाशी बसू लागली. मी समजलो, सुटलो. मग एके दिवशी मी मिलमधून येतो तर दारातच काळा धूर. आत महादेवी निवांत शेंगा भाजत बसलेली आणि कढईत शेंगांचा कोळसा झालेला. धूर डोळ्यांत जाऊन पाणी येत होते, पण तिला करपलेला वास म्हणून नव्हता. दुसऱ्या दिवशी दूध लागले, तिसऱ्या दिवशी फोडणी जळाली. तापाने तिचे नाकच नेले होते. मी म्हटले, जाऊ दे, नाक नाही तर नाही, जीव वाचला. पण त्या रात्री ताटात शेंगाचटणी घेऊन ती नुसती बघत बसली. मग म्हणाली, “माती खाल्ल्यागत लागतंय हो सगळं. आईचं लुगडं पेटीत हाय ना, त्येचा बी वास येईना.” तुमच्या आईचे ते इरकली लुगडे तिने बारा वर्षे न धुता ठेवले आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. (लुगडे न धुता ठेवतात का, असे मी विचारले. विचारायला नको होते.)

डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, येईल तेव्हा येईल. वर बजावले की छाती नाजूक झाली आहे, धूर अजिबात चालायचा नाही, ऊद नाही, धूप नाही, उदबत्तीसुद्धा नाही. मी विजापूर वेशीतल्या गैबीसाब अत्तरवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस, डोळ्यांनी कमी दिसते, पण बाटली न उघडता आतले ओळखतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “नाक मेलं न्हाई हो गुरप्पा, सोयेला है. रोज हाका मारा, उठतंय.” मी अत्तराचा फाया महादेवीच्या नाकाशी धरला, काही नाही. गैबीसाब म्हणाला, थंड अत्तर मुके असते, ते ऊन झाल्यावर बोलते. आता अत्तर ऊन करायचे तर निखारे आले, निखारे आले की धूर आला आणि धुराला तर बंदी. विस्तवाशिवाय ऊब कुठून आणायची? मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी हजेरी मांडताना डोक्यावरच्या दिव्याने टक्कल तापले आणि उत्तर सापडले. वीज.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मकदूमचे दुकान आहे. रेडिओ, इस्त्री, पंखा, काहीही दुरुस्त करतो. आम्ही दोघांनी मिळून पहिले यंत्र केले ते असे. जुनी इस्त्री उलटी करून दोन विटांत बसवली, तिच्यावर पितळी वाटी आणि वाटीत चंदनाचे तेल. महादेवीला समोर पाटावर बसवले. बटण दाबले. तेलाने आधी सुस्कारा टाकला, मग बुडबुडे आले आणि मग भपकन जाळ झाला. मी घाबरून त्यावर तांब्याभर पाणी ओतले (विजेवर पाणी ओतू नये हे मला माहीत होते, पण ते आठवले ओतल्यावर). निळी ठिणगी उडाली आणि आमच्या चाळीतल्या आठही बिऱ्हाडांत अंधार झाला. ऐन भाकरी थापायच्या वेळेला. सगळ्या दारांतून एकदम माझे नाव निघाले. घरमालक महादेवप्पा कंदील घेऊन आले आणि म्हणाले, “गुरप्पा, तुमाला सुगंध पायजे तर बागेत जावा की! माझं घर कशाला पेटवताय?” मी त्यांना आईच्या लुगड्याचे सांगितले. म्हाताऱ्याने कंदील माझ्या हातात दिला आणि स्वतःच नवी तार आणून फ्यूज बांधून दिला. जाताना म्हणाला, पुढच्या खेपेला जेवणं झाल्यावर बटण दाबा.

मी माघार घेणारा नाही, अण्णा. मकदूमही नाही. तो म्हणाला, “वायर जळू दे काका, इरादा जळाया नको.” दुसरे यंत्र त्याच्या डोक्यातून निघाले. वनस्पती तुपाचा मोठा डबा घेतला, त्याला चौफेर भोके पाडली, आत शंभराचा दिवा लावला. डब्यावर पितळी ताटली, ताटलीत पाणी, पाण्यात चार थेंब मोगरा. जाळ नाही, धूर नाही, आवाज नाही. पाच मिनिटांत पाणी कोमट झाले आणि मोगऱ्याने असे काही तोंड उघडले की माझे डोके गरगरले. वास खोलीत राहावा म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण वास कसला राहतो? तो फटीतून निघाला आणि चाळभर झाला. शेजारच्या मायाक्काने दाराच्या फटीला डोळा लावला. तिला आत काय दिसले, तर अंधारी खोली, भोकाभोकांतून फाकलेला उजेड, त्याच्यापुढे डोळे मिटून बसलेली महादेवी, हात जोडून उभा असलेला मी (हात जोडले नव्हते, चोळत होतो) आणि कुठे फूल नाही, उदबत्ती नाही, तरी मोगऱ्याचा घमघमाट!

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी दार उघडले तर पायरीवर अकरा नारळ. मी पुढचे मोजणार तोच बायका आत शिरल्या. एकीला नातवाची दृष्ट काढायची होती, एकीची नथ हरवली होती, ती कुठे आहे ते ‘विचारून’ हवे होते. मी ओरडून सांगितले की हा तुपाचा डबा आहे, आत बल्ब आहे. झाकण काढून दाखवले. बायकांनी बल्ब पाहिला, एकमेकींकडे पाहिले आणि मायाक्का गंभीरपणे म्हणाली, “देवाला कशात बी ऱ्हाता येतंय.” आणि डब्याला कुंकू लावले. ते कुंकू अजून आहे. मी पुसायला गेलो तर महादेवीने हात धरला. आजारानंतर ती त्या दिवशी प्रथम पोट धरून हसली, म्हणून मी पण राहू दिले.

मग रोजचा क्रम झाला. सहाला मिल सुटली की मी थेट घरी. पूर्वी पंचकट्ट्यावर नऊ-नऊ वाजेपर्यंत गप्पा छाटत बसायचो हे आपल्यालाही माहीत आहे, आपण त्यावर मला दोनदा बोललाही आहात. ते सगळे बंद. हातपाय धुवायचे, डबा लावायचा, समोरासमोर बसायचे. आठवड्याने महादेवी म्हणाली, येतो थोडा थोडा. मला आकाश ठेंगणे झाले. मी पेढे वाटले. गैबीसाबला मिठी मारली. मग एका संध्याकाळी तिने डोळे मिटून सांगितले, “गुलाब लई ग्वाड हाय आजचा.” आणि मी ताटलीत पाहिले तर ताटली कोरडी. अत्तर टाकायलाच विसरलो होतो. तिनेच डोळे उघडले, ताटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, “तुमी येवढं राबताय, मला बगवंना.” अण्णा, मला राग यायला हवा होता. आला नाही. मी उठून मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारून आलो. परत येऊन तिला सांगितले, आता खोटे बोललीस तर मकदूमला सांगून याहून मोठा डबा करीन.

तेव्हापासून पद्धत कडक केली आहे. रोज अत्तर, आणि अत्तरानंतर परीक्षा. तिने डोळे मिटायचे, मी वाटीत हिंग, लसूण, रॉकेल, नाहीतर कॉफी धरायची आणि तिने ओळखायचे. गुलाबाने भागेना म्हणून गैबीसाबने केवडा दिला. केवडा म्हणजे वास नव्हे, धाड आहे. बारा दिवस केवडा चालू आहे. चाळीतल्या मांजरांनी आमचा जिना सोडला. महादेवप्पा डोक्याला फडके बांधून फिरतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. महादेवी मात्र रोज नापास. हिंगाला म्हणते पाणी, रॉकेलला म्हणते पाणी. सुरुवातीला नापास झाली की डोळे भरायचे, हल्ली नापास होऊन हसते. तिने धीर सोडलेला नाही हे पाहून मलाही हुरूप येतो.

तर अण्णा, अत्तराची हकीकत ही अशी आहे. आता इतके सांगितल्यावर माझे म्हणणे स्पष्ट लिहितो. आजार्‍याला हवापालट हवा हे कबूल, पण उपचार अर्धा सोडता येत नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मला मुदत द्यावी. तोवर नाक उठले नाही तर केवड्यानंतर हिना आहे, हिनानंतर उदाचा अर्क आहे, आणि त्यानंतर काय ते गैबीसाब सांगेल. मी थांबणार नाही. आपला राग निवला असेल तर तसे दोन ओळींत कळवावे, आपल्या दोन ओळींची आता सवय झाली आहे. वहिनींना शरणार्थ सांगावे.

आपला,
गुरप्पा

ता. क. — वर उपचाराचे कारण लिहिले ते खरेच आहे. पण अण्णा, आपल्यापाशी काय लपवायचे. दोन्ही मुली आपापल्या घरी गेल्या, आता ही पण वैरागला गेली तर संध्याकाळी सहा वाजता मी कोणासमोर बसू? पंचकट्टा आता गोड लागत नाही. कृपा करून रविवारी येऊ नये. आलात तर राहायला यावे, न्यायला नको.

ता. क. दुसरा — पाकीट महादेवी चिकटवून टाकील. मिलला उशीर होतो आहे, आणि आमच्याकडचा डिंक इतका आंबला आहे की मला उघडवत नाही. तिला काय, वासच येत नाही.

अण्णास महादेवीचे शरणार्थ. डिंक लई घाण हाय अण्णा. कपाळ उठलं.

व्हय, येतो मला वास. धा दिवस झाले. पयला वास केवड्याचा न्हवता. बटण दाबायला हे वाकले तवा ह्यांच्या सदऱ्याचा आला, मिलच्या सुताचा आन तेलाचा. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून आईचं लुगडं बी बघितलं. हाय, अजून हाय त्यात आई. लई रडले, पण हे घरी न्हवते. सांगायचं म्हणून दारात उभी ऱ्हायले. तेवढ्यात हे कोपऱ्यावरनं पळत येताना दिसले, हातात केवड्याची बाटली, मिल सुटल्यावर घाम पुसाया बी थांबले न्हवते. मग सांगवंना. सांगितलं की उद्यापासनं पुन्हा पंचकट्टा, पुन्हा नऊ वाजता ताट. एकोणतीस वर्सांत मानूस आत्ता कुटं माझ्यासमोर बसायला लागलाय. गड्ड्यापतूर बसू दे, मग सांगीन.

मला न्यायला येऊ नको. पण ये. येताना लसणाची चटणी आन, भरपूर लसूण घालून. हे ईचारतील तर मला काय, वास येत न्हाय.

रॉकेलला पाणी म्हनताना हसू आवरत न्हाय, तेवढंच अवघड हाय. सहा वाजत आले. जाग्यावर जाऊन बसते.