राकानच्या छातीवरची रबरी गोळी

प्रिय आईस,

तुझ्या हातांचं चुंबन घेऊन मुतलकचा सलाम. मी बरा आहे, जेवणही ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

घरात कोंडून घेतलेल्या बंदूकधाऱ्याला जिवंत कसं पकडायचं, ते आज आमच्या दलाच्या प्रशिक्षणात शिकवलं. रबरी गोळी लांबून, पायावर मारायची, म्हणजे माणूस मरत नाही. उदाहरण म्हणून मेजर हायेलनी पडद्यावर आपल्या राकानचंच घर दाखवलं. "एकही खरी गोळी न झाडता मोहीम फत्ते!" पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून म्हणालो, "साहेब, तो माझा भाऊ. उंबऱ्यावरून छातीवर मारलीत. तो मेला."

ते हसले. "अरे बाबा, काळीजच कच्चं असेल त्याचं. त्याला आम्ही काय करणार?"

शुक्रवारी हेच मेजर वडीलधाऱ्यांना घेऊन समेटासाठी आपल्याकडे येणार आहेत. रिवाजाप्रमाणे तू माफ करून "घ्या" म्हटल्याशिवाय पुढ्यातल्या कॉफीला कोणी हात लावणार नाही. आई, कॉफी चांगली कर, वेलची घाल. पण "घ्या" म्हणू नकोस. तशीच गार होऊ दे.

तुझ्या दुव्यावर जगणारा,
मुतलक