शिलाईखोलीवरची चाळीस पानं

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा काय म्हणतोय? माझा प्रबंध एकदाचा संपला. विषय सीमांतीकरण. घाबरू नकोस, अर्थ साधा आहे: माणसांना हळूहळू इतकं कडेला सारायचं, की त्यांच्याविषयीचे निर्णयही त्यांना न विचारता व्हावेत. तुमच्या हॉस्पिटलची शिलाईखोली तळघरात हलवली ना, त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. अधीक्षकांनी सगळी माहिती दिली. माझे मार्गदर्शक सर खूश आहेत. प्रत सोबत जोडली आहे. वीस तारखेला सादर करायचाय.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझी भाची

दि. ११ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं प्रकरण जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. आम्हा पाचही जणींची छाती फुगली. आमच्या फाटक्या चादरींवर कुणी चाळीस पानं लिहील, असं स्वप्नातही आलं नव्हतं!

पण कामगार स्त्रिया निमूटपणे तळघरात गेल्या, हे तुला कुणी सांगितलं? अगं, गेलो खऱ्या, पण आठवड्यात आमच्या काजवालीनं (काज-बटणं करते ना, ती) आपलं मशीन उचलून अधीक्षकांच्या दारासमोर मांडलं. मागोमाग आम्ही चौघी. तीन दिवस व्हरांड्यात नुसता खडखडाट. चौथ्या दिवशी खिडकीवाली खोली परत मिळाली. आत्ता तिथेच बसून लिहितेय. साहेब हे कशाला सांगतील? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं!

मीही पत्रात गुडघ्यापलीकडे कधी काही लिहिलं नाही, ती चूक माझी. पण राग मानू नकोस, आमच्याविषयी लिहिलंस आणि आम्हालाच विचारलं नाहीस. काजवाली विचारते, ह्यालाही तोच शब्द चालेल का?

जिवाला जप, जागरणं करू नकोस.
तुझी आत्या

दि. १९ मार्च

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून कान गरम झाले. चालतो, तोच शब्द चालतो. काजवालीला माझा नमस्कार सांग. असा परीक्षक मला विद्यापीठात मिळायचा नाही. तुम्हा पाच जणींचा फार अभिमान वाटतो, आणि स्वतःची लाज.

प्रबंध मागे घेतलाय. आता सहा महिने थांबणं आलं, ठरलेली नोकरीही हातची गेली. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत येते. सगळी पानं तुमच्यापुढे वाचीन, म्हणाल तिथे काट मारीन. सर भडकले. म्हणाले, त्या बायकांना प्रबंधातलं काय कळणार? मी म्हटलं, सर, मला कळलं नव्हतं ते त्यांनीच कळवलंय.

माया आहे तशीच ठेव.
तुझी भाची