पहिली धार जमिनीस

गंजाड मुक्कामी चिरंजीव बंधू भीमा यास पुण्याहून थोरला भाऊ जिव्या याचे आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे. मिथुन व सूनबाई निलम माझी फार काळजी घेतात.

तू पाठविलेले चिकू घालून मिथुनने घरीच बियर केली. त्याचे मित्रही आपापली घेऊन आले. एकमेकांची चाखून ते गुणदोष सांगतात. मंडळी सभ्य आहेत. पहिला पेला त्यांनी मला दिला. पितरांचे नाव घेऊन मी रीतीप्रमाणे पहिली धार जमिनीस दिली. निलम फडके घेऊन धावली, "असू द्या बाबा, या वयात हात कापतोच." सर्व हसले. मिथुनला रीत ठाऊक आहे, तरी तो गप्प राहिला. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

माझा हात कापत नाही, हे या अक्षरावरून तुला दिसेलच.

ताडी चांगली उतरते का? पितरांना माझ्या वाटची धारही तूच देत जा.

रविवारी मंडळी पुन्हा जमणार आहेत. मी पुन्हा जमिनीस धार देईन. या खेपेस मिथुनने सर्वांसमोर रीत सांगितली नाही, तर सोमवारी मी डहाणूस उतरून गावी येईन. माझी खाट झाडून ठेव. तिकडे तुझ्या वहिनीला मात्र कारण सांगू नये.

तुझा वडील बंधू,
जिव्या