हिरव्या बनातीवरचा टाका

बा, तुला वाचता येत नव्हतं आणि तुझ्याजवळ होते तेव्हा मलाही येत नव्हतं, म्हणून आपल्यात कधी पत्र गेलं-आलं नाही. आता मला येतं. खालापुरात मुलींच्या शाळेत मी शिकवते. आज सुट्टी आहे. सकाळी भाकरी थापता थापता एकदम तुझा राग आला, हातातली भाकरी तुटली, तव्यावरची करपली. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी हा राग असाच मध्ये कधीतरी येतो, काही कारण लागत नाही. आज म्हटलं, एकदा लिहून तरी बघू.

कर्जत स्टेशनाच्या पलीकडं, घाट चढताना गाडीला जोडायची इंजिनं जिथं उभी असायची त्याच्या जरा पुढं, साहेबलोकांचा क्लब होता. लांबट कौलारू इमारत, आत एक मोठी खोली, आणि त्या खोलीत ते बिलियर्डचं टेबल. टेबलाचे, कापडाखाली बसवायचे सपाट दगड गाडीतून उतरवून आणले तेव्हा तू हमालांत होतास. बैलगाडीचा कणा मोडला आणि मग माणसांनी ते दगड खांद्यावर वाहिले, हे तू मला किती वेळा सांगितलंस त्याला गणती नाही. पुढं तू तिथंच पंखा ओढायला राहिलास. पंखा ओढता ओढता खेळ बघितलास, बघून बघून शिकलास आणि एक दिवस साहेबांनी तुला मार्कर केलं. खेळाचे गुण मोजायचे, काठ्या पुसायच्या, हस्तिदंती बॉल कापसात गुंडाळून ठेवायचे, पावसाळ्यात टेबलावर ताणून बसवलेलं हिरवं लोकरी कापड, ती बनात, ओलसर झाली की तिच्यावर इस्तरी फिरवायची. इंग्रजीत तुला आकडे तेवढे येत. पण ते तू अशा खड्या आवाजात म्हणायचास, की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणी मोठा साहेबच बोलतोय.

सतराव्या वर्षी नवरा मेला आणि मी तुझ्याकडं परत आले. आई त्याआधीच गेली होती. दुपारी साहेब जेवून झोपले, की तू मला मागच्या दारानं क्लबात न्यायचास. टेबलाच्या सहा भोकांना सुतळीच्या जाळ्या असत, बॉल पडून पडून त्या फाटत, आणि त्या विणायचं काम तू मला दिलं होतंस. मी टेबलाखाली बसून जाळी विणायची आणि वर तू एकटा खेळायचास. बा, तू काय खेळायचास! बॉल टेबलाच्या तीन कडांना लागून, जणू वाट पाठ असल्यासारखा, हव्या त्या भोकात जाऊन पडायचा. मी विणायचं सोडून बघत राहायची. आणि संध्याकाळी त्याच टेबलावर तू साहेबांशी खेळताना हरायचास. रोज, चार-पाच गुणांनी, इतक्या बेतानं की साहेबाला वाटावं आपण जीव तोडून जिंकलो. मी एकदा विचारलं, असं का करतोस? तू हसलास. म्हणालास, "हरायलाबी अक्कल लागती, बाय." मीही हसले तेव्हा. आता ते हसू आठवलं की माझंच तोंड मला आवडत नाही.

नाताळच्या आठवड्यात सामने व्हायचे. लोणावळ्याचे, कल्याणचे, इगतपुरीचे साहेब गाडीनं यायचे, क्लबाला पताका लागायच्या, मडमा व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसायच्या. ते आठ दिवस तुझ्या पोटात अन्न जात नसे. बनात झाडून, इस्तरी करून तू तिच्यावर तळहात फिरवत राहायचास, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. त्या साली आपल्या कर्जतचा फोरमन शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता. इंजिनांच्या कारखान्यातला, जाड मानेचा, तापट माणूस. समोर लोणावळ्याचा डॉक्टर.

सामन्याच्या आदल्या दुपारी तू बॉल धुवायला विहिरीवर गेला होतास आणि मी एका कोपऱ्याची जाळी बांधत होते. फोरमन येताना दिसला तशी मी आतल्या खोलीच्या दारावरच्या चिकाच्या पडद्यामागं जाऊन उभी राहिले. तो जुन्या बॉलवर एकटाच सराव करू लागला. एक फटका चुकला, दुसरा चुकला. तिसऱ्याला त्यानं रागानं काठी अशी खुपसली, की बनात चार बोटं फाटली. मी आवाज ऐकला, कापड फाटल्याचा. त्यानं इकडंतिकडं बघितलं, फाटल्या जागेवर खडूची डबी ठेवली आणि निघून गेला. तू आलास, तेव्हा मी तुला सगळं सांगितलं. तू खाली बसलास. मग उठून फाटलेल्या कडा बोटांनी जुळवून बघितल्यास आणि म्हणालास, शिवशील का? नवी बनात मुंबईहून यायला महिना लागला असता.

मी शिवली. त्याच बनातीच्या कडेचा एकेक धागा काढून, त्यानंच, उजेड होता तोवर. झाल्यावर तू डोळे मिटून त्याच्यावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "कळत नाय गं." तुझ्या तोंडून मी ऐकलेली ती एकच शाबासकी. त्या दिवशी मला वाटलं, नवरा मेला, कपाळ पुसलं, चालेल, मला हात आहेत आणि माझ्या बाला ते ठाऊक आहेत.

दुसऱ्या दिवशी फोरमन हरला. सरळ खेळून हरला, बॉल त्या टाक्याच्या जवळपासही गेला नव्हता. पण हरल्यावर तो टेबलावर वाकला, बोटानं चाचपत चाचपत त्यानं तो टाका शोधून काढला आणि ओरडायला लागला. कुठं शोधायचं ते त्यालाच तर माहीत होतं. क्लबाचा मोठा साहेब पुढं आला. फोरमननं सांगितलं, मार्करनं इस्तरीनं बनात फाडली आणि लपवली. भांडाराचा कारकून मराठीत सांगायला उभा होता, त्यानं तुला विचारलं. खोलीभर साहेब, मडमा. तू खाली मान घालून उभा. तू तेव्हा नुसता गप्प राहिला असतास ना बा, तर मी आज हे लिहीत नसते.

मी चिकामागून बाहेर आले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कारकुनाला म्हणाले, "त्या साहेबानं फाडली. मी बगितलंय. बा इहिरीवर हुता." कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. सगळे फोरमनकडं बघायला लागले आणि त्याची मान लाल झाली. एवढंच व्हायला हवं होतं, तुझी एक मान हलायला हवी होती. तू पुढं आलास, मला दंडाला धरून मागं ओढलंस आणि हात जोडलेस. "पोर येडी हाय, सायेब. नवरा मेल्यापासनं डोकं जाग्याव नाय. बनात माज्याच हातनं फाटली."

कारकुनानं तेही सांगितलं. मोठा साहेब तसा भला माणूस. त्यानं तुला माफ केलं आणि माझ्यासाठी डॉक्टरकडून औषधाची बाटली देवविली. ती बाटली हातात धरून मी घरी आले.

तुला वाटलं, ते त्या खोलीतच राहील. पण पंखेवाल्यानं ऐकलं, खानसाम्यानं ऐकलं आणि दोन दिवसांत नदीवर बाया मला बघून कपडे उचलून पलीकडं जायला लागल्या. आणि कडाव. कडावच्या त्या माणसाशी माझा पाट लावायचं ठरत आलं होतं, विसरलास का? बायको गेलेला, पदरात एक लहान पोर. दोनदा येऊन गेला होता, पहिल्या खेपेला मला शिवण येतं का विचारून गेला आणि दुसऱ्या खेपेला मुलीच्या झबल्याचं माप घेऊन आला होता. मी ते झबलं शिवूनही ठेवलं होतं. त्यांच्याकडून निरोप आला, येडी बाई घरात नको. मी तुझ्या पाया पडले. म्हटलं, कडावला जा आणि एवढंच सांग, की पोर शहाणी हाय, मी खोटं बोललो. तू चुलीतल्या लाकडाकडं बघत म्हणालास, "तिथं सांगितलं तर सायबापत्तूर जाईल गं."  त्यानंतर तुझ्याशी कामापुरतंच बोलले.

महिन्याभरानं फोरमननं तुला त्याचा जुना कोट दिला. बा, तू तो अंगात घातलास. गरम होतंय तरी घातलास आणि स्टेशनावरून चालत आलास.

मला कळतं सगळं. रेल्वेच्या जागेतली ती खोली होती, ती गेली असती तर आपण कुठं जाणार होतो? तुझ्यासारख्याचा शब्द फोरमनपुढं कोण धरणार होतं? मोठा साहेब गेला असता, दुसरा आला असता, फोरमन तिथंच राहिला असता. हे सगळं मी मुलींना धडा समजावून सांगावा तसं स्वतःला सांगते. राग तसाच राहतो. तू मला वाचवायला बोललास असं आत्या म्हणायची. मला नाही वाटत. तू टेबल वाचवलंस.

त्याच आत्याकडं मी खालापूरला आले, ओसरीवर मुली शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडं अक्षरं गिरवली. दोन वर्षांनी तुला हिवताप झाला म्हणून निरोप आला. भादवा होता. मी तीन दिवस तुझ्या उशाशी बसले आणि वाट बघितली. एक शब्द, बा. ताप चढला, की तू बोलायचास. शेवटच्या दिवशी माझा हात धरलास, मी वाकले आणि तू म्हणालास, "बनात वलसर झाली आसंल. इस्तरी फिरवायला सांगा कुणीतरी." तू गेल्यावर त्या कोटाच्या मी चिंध्या केल्या आणि कंदिलाच्या काचा पुसायला वापरल्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथं लिहिते. मास्तरांनी मला पुण्याला शिक्षिकेच्या परीक्षेला पाठवलं, तेव्हा अर्जात वडिलांचा धंदा लिहायचा होता. मी लिहिलं, रेल्वेत कारकून. कुणी जबरदस्ती केली नव्हती, समोर कुणी साहेब उभा नव्हता. अजून शाळेतल्या मुली विचारतात, बाई, तुमचे वडील काय करायचे? मी कारकूनच सांगते. गेल्या आठवड्यातही सांगितलं.