मधल्या स्पीकरपुढचा फोटो

बाबा, आज सुट्टीची सगळी सकाळ हॉलमधले सोफे सरकवण्यात गेली. हात भरून आलेत, पण तुम्हालाच सांगण्यासारखं आहे म्हणून लिहायला बसले.

दादाने गणपतीच्या आधी माणगावहून होम थिएटर आणलं. पाच स्पीकर आणि एक भलामोठा सबवूफर. हॉल आता तुमच्या वेळचा राहिलेला नाही, भिंतींना छतापर्यंत टाइल्स आहेत. पायात येऊ नये म्हणून सबवूफर कोपऱ्यात गेला. आई मालिका बघताना दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय बोलली ती?" दादा आवाज वाढवायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि ती पुन्हा विचारायची. मग तिने विचारणं सोडलं. मग हॉलमध्ये बसणंच सोडलं. "माझं कानच गेलं," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली. दादाने कानाच्या मशीनसाठी डॉक्टरकडे नंबर लावला.

पण कुकरची शिट्टी चालू असताना माझं पुटपुटणंही तिला बरोबर ऐकू येतं. या घरात काही बिघडलं की दोष आधी आईचा, हे मी लहानपणापासून बघतेय. घरातली पहिली पदवी माझी. तिचा उपयोग निदान एवढा तरी व्हावा असं वाटलं.

आणि तुम्ही भाड्याने स्पीकर लावलेलं ते आगरदांड्याचं लग्न आठवलं. मी दहा वर्षांची. समाजमंदिराचा हॉल, चारी बाजूंनी सिमेंट. वाट मोकळी राहावी म्हणून मी दोन्ही स्पीकर ढकलत कोपऱ्यात नेलेत, शाबासकीची वाट बघतेय. तुम्ही मला माइक देता, "बोल कायपण," म्हणता, आणि सगळ्यात मागे, म्हाताऱ्या बसणार त्या सतरंजीवर जाऊन मांडी घालता. मी पाढे म्हणते. तुम्ही तिथूनच ओरडता, "कोपऱ्यात नुसता घुमतोय! म्हातारीला बोलना समजला न्हाय तर भाड्याचे पैसे कशाचे घ्यायचे?" सगळ्यांसमोर. मी रडले होते. घरी जाताना तुम्ही बर्फाचा गोळा घेऊन दिलात.

म्हणून आज मी आईच्या जागेवर बसले. सोफ्यावर नव्हे, ती जमिनीवर बसते तिथे, दारापाशी. बाबा, मलाही काही कळेना. नुसती गडगड. सबवूफर कोपऱ्यातून पुढे ओढला, टाइल्सच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या. दादा हसला, "तुझ्या डिग्रीत सोफे सरकवायला शिकवतात काय?" पण गडगड कमी झाली. तरी माणसांचं बोलणं तोंडावर हात ठेवल्यासारखंच येत होतं. बोलणं येतं मधल्या स्पीकरमधून. तो टीव्हीखालच्या फळीवर आहे, आणि त्याच्या बरोबर पुढे तुमचा फोटो, हार घातलेला.

मी फोटो उचलला. तो शेजारच्या भिंतीवर लावला, स्पीकरच्या कडेची धूळ पुसली, आणि आईला हात धरून आणून बसवलं. ती बराच वेळ काही विचारेना. मालिकेतली सासू काहीतरी खवचट बोलली, आणि आईच्या तोंडून निघालं, "मेली, तोंड बघ हिचं!"

दादाने मोबाइल काढून डॉक्टरकडचा नंबर रद्द केला. मग म्हणाला, "पण फोटो तिथं ठेवला कोणी?" आईने भिंतीकडे बघितलं. "कोणी का ठेवंना. ते असते तर त्यांनीच पयल्या दिवशी उचलला असता."

मीच ठेवला होता बाबा. तो स्पीकर आहे हे मला माहीत होतं. टीव्ही बघताना तुम्ही समोर दिसावेत, एवढंच मनात होतं. महिनाभर आई तिचे कान गेले म्हणत राहिली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मधला स्पीकर अजून आईच्या डोक्यावरून बोलतो. त्याला मागून थोडी उंची दिली की तो खाली तिच्याकडे झुकेल. हा कागद चार घड्या घालून तिथेच, त्याच्याखाली सरकवतेय.